बॉर्डरची बातमी वाचायची कशी? आधी रस्ता बघा, भाषण नंतर

बॉर्डरवर जरा कुठे खुट्ट झालं की तासाभरात फोनवर सगळं येऊन पडतं. लाल बाणांनी भरलेला नकाशा, कुणाचं तरी भाषण, आणि सोसायटीच्या ग्रुपवरचे ते काका जे १९६२ पासून सुरुवात करून थेट तिसऱ्या महायुद्धापर्यंत पोचतात. आपण लोकलमध्ये एका हाताने दांडी धरून हे वाचतो आणि दादर ते कुर्ला एवढ्यात आपलंही मत बनून तयार असतं. मला या प्रकाराचा कंटाळा आला म्हणून मी स्वतःपुरती एक पद्धत बसवली, तीच इथे लिहितोय. सीमाप्रश्न म्हटलं की आपल्याला आधी बेळगाव आठवतं, पण इथे तो विषय नाही. दोन मोठ्या सत्तांच्या मध्ये सापडलेले जे पट्टे असतात ना, अफगाणिस्तान, तिबेटची कड, मांचुरिया, युक्रेन, त्यांच्याबद्दल बोलतोय.

माझं म्हणणं साधं आहे. अशा भागातली जमीन मोठ्या सत्तांना जमीन म्हणून फारशी नकोच असते, तिथे समोरचा आपल्याआधी पोचू नये एवढीच धडपड असते. त्यामुळे कोण काय बोललं यापेक्षा कोण तिथे किती तासांत पोचू शकतं हे बघितलं की निम्मी बातमी उलगडते.

सामान फार लागत नाही. शाळेचा जुना अ‍ॅटलास, त्यातही डोंगर-नद्या दाखवणारी पानं (फोर्टच्या फुटपाथवर नाहीतर रद्दीवाल्याकडे मिळून जातो, नवाच हवा असं काही नाही), फोनवर सॅटेलाइट व्ह्यू, एक वही, पेन्सिल आणि वीतभर दोरा. दोरा अंतर मोजायला, कारण डोंगरातला रस्ता सरळ रेषेत जात नाही आणि फुटपट्टी तिथे काही कामाची नाही.

पहिलं काम: रंग विसरा, उंची बघा

राजकीय नकाशावर देश गुलाबी-पिवळे दिसतात आणि आपण त्या रंगांना भुलतो. आधी डोंगरांच्या पानावर जा आणि तीन गोष्टींवर पेन्सिलने खूण करा: पाणी कुठल्या बाजूला वाहतं, खिंड कुठे आहे, आणि सगळ्यात जवळचं रेल्वे स्टेशन किती लांब आहे.

सरावाला वाखान घ्या. अफगाणिस्तानच्या ईशान्येला एक लांबलचक शेपूट निघालंय, साधारण ३५० किलोमीटर लांब, आणि सगळ्यात अरुंद जागी रुंदी फार तर १५ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सीएसएमटीहून कुर्ल्याला जाण्याइतकी. असलं विचित्र शेपूट का बरं ठेवलं असेल कुणी? तर १८९५ मध्ये ब्रिटिश आणि रशियन अधिकाऱ्यांनी पामीरमध्ये बसून हे ठरवलं, कारण त्यांना आपल्या दोन साम्राज्यांच्या हद्दी एकमेकींना टेकायला नको होत्या. मध्ये कुणीतरी तिसरा हवा. काबूलच्या आमीराला तो डोंगराळ पट्टा सांभाळायची मुळीच हौस नव्हती, तरी तो त्याच्या गळ्यात बांधला. आता हेच पान उघडून बघा, वर ताजिकिस्तान, खाली पाकिस्तानच्या ताब्यातला भाग, टोकाला चीन. सव्वाशे वर्षं झाली, झार गेला, राज गेलं, शेपूट तसंच आहे.

दुसरं: रेघ मारताना खोलीत कोण नव्हतं

वहीत तीन रकाने करा. रेघ कोणी मारली, सही कोणाची, आणि खोलीत कोण नव्हतं. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि टीव्हीवर तो कधीच येत नाही.

ड्युरंड रेषा, म्हणजे आजच्या पाकिस्तान आणि अफगाणिस्तानमधली रेघ, भरून बघा. १२ नोव्हेंबर १८९३, काबूल, एका बाजूला ब्रिटिश हिंदुस्थानचा परराष्ट्र सचिव सर मॉर्टिमर ड्युरंड, दुसऱ्या बाजूला अफगाणिस्तानचा आमीर अब्दुर रहमान. आमीराला ब्रिटिशांकडून वर्षाला १२ लाख रुपये मिळायचे ते या वेळी १८ लाख झाले, हेही त्याच रकान्यात लिहा. खोलीत नव्हते ते पश्तून, ज्यांची कुळं आणि चराऊ रानं या रेघेने दोन्हीकडे वाटून टाकली. काबूलमध्ये राजा असो, कम्युनिस्ट असोत की तालिबान, ही रेघ सरहद्द म्हणून मनापासून कुणीच मान्य केलेली नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात चकमकी झाल्या, दोह्यात युद्धबंदी झाली, आणि कतारच्या पहिल्या निवेदनात 'सीमा' असा उल्लेख होता तो अफगाण बाजूने हरकत घेतल्यावर काढून टाकावा लागला. तिसरा रकाना भरलेला असेल तर ही बातमी बघून तुम्हाला आश्चर्य वाटणार नाही.

मॅकमोहन रेषेत, म्हणजे ईशान्येकडच्या भारत-तिबेट हद्दीत, मामला अजून गुंतागुंतीचा. १९१४, सिमला परिषद, ब्रिटिश हिंदुस्थान, तिबेट आणि चीन असे तिघं. इथे चीनचा प्रतिनिधी परिषदेत होता, त्याने मसुद्यावर आद्याक्षरंही केली, पण पेकिंगच्या, म्हणजे आजच्या बीजिंगच्या, सरकारने ते मानलं नाही. आणि हिंदुस्थान-तिबेट सीमेची नोंद तर मार्चमध्ये ब्रिटिश आणि तिबेटी प्रतिनिधींनी आपसातच केली. म्हणून चीन म्हणतो तिबेटला असा करार करायचा हक्कच नव्हता, आणि भारत म्हणतो होता, आणि गेली कित्येक दशकं वाद इथेच घुटमळतोय. यातला ब्रिटिशांचा प्रतिनिधी मॅकमोहन हा माणूस पण बघण्यासारखा आहे. याने आधी बलुचिस्तान-अफगाणिस्तानच्या हद्दीवर खांब रोवले, मग सिमल्याची रेघ, मग हा गेला इजिप्तला आणि तिथून मक्केच्या शरीफ हुसेनला अरब राज्याबद्दल पत्रं लिहीत बसला. तीन ठिकाणचे वाद आणि तिन्हीकडे हेच नाव, काय म्हणायचं याला!

आता अ‍ॅटलास बाजूला ठेवा आणि एक हिशोब करा. सिमल्याचा तो नकाशा एका इंचाला आठ मैल या प्रमाणात होता. म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर हा जमिनीवर अर्धा किलोमीटर. जाड निबाने लाल शाईची रेघ ओढली तर ती रेघ स्वतःच अर्धा-एक किलोमीटर रुंद होते, आणि त्या रुंदीत एखादा आख्खा ओढा, एखादी टेकडी, चौकीची जागा आरामात बसते. पेन्सिलने कागदावर काढून बघा म्हणजे कळेल. 'आमच्या हद्दीत घुसले', 'नाही, तुम्हीच घुसलात' असं दोघंही बोलतात, आणि काही वेळा दोघांनाही ते मनापासून खरं वाटत असतं.

तिसरं आणि मुख्य: रस्ता, रेल्वे, नदी

इथे घाई करू नका, बाकीच्या पायऱ्यांना कमी वेळ दिला तरी चालेल.

सुरुवात घोड्यांपासून. १८३१ मध्ये मुंबई आर्मीतला अलेक्झांडर बर्न्स नावाचा तरुण अधिकारी इंग्लंडच्या राजाकडून महाराजा रणजितसिंगांना भेट म्हणून आलेले पाच धिप्पाड घोडे घेऊन सिंधू नदीतून लाहोरला निघाला. एवढे मोठे घोडे रस्त्याने चालवून दमवायचे कसे, होडीनेच न्यायला पाहिजेत ना, असं कारण. सिंधच्या अमीरांना संशय होताच, त्यांनी खळखळही केली, शेवटी सोडलं. बर्न्सने वाटेत नदीची खोली, प्रवाह, काठावरचे किल्ले सगळं टिपून घेतलं. बारा वर्षांनी, १८४३ ला, सिंध ब्रिटिशांच्या ताब्यात, आणि नंतर १९३६ पर्यंत तो मुंबई इलाख्याचाच भाग होता. म्हणजे एके काळी आपल्या इलाख्याची हद्द थेट बलुचिस्तानला टेकत होती. तर नियम असा की भेट, व्यापार, सर्व्हे, भूकंप-मदत, काहीही असो, तिथे जाताना मोजमाप कोण करतंय ते बघा.

मग रेल्वे. ब्रिटिशांनी १८९१ मध्ये खोजक बोगदा पुरा करून रूळ चमनपर्यंत, म्हणजे अफगाण हद्दीच्या तोंडाशी नेले. वेळ आली तर पुढे कंदाहारपर्यंत रूळ टाकता यावेत म्हणून लागणारं सामानही तिथे जमवून ठेवलं होतं. आमीर या रेल्वेला आपल्या पोटात खुपसलेला सुरा म्हणायचा. त्याला नकाशा बरोबर वाचता येत होता.

मांचुरियाची, म्हणजे चीनच्या ईशान्य भागाची, गोष्ट तर रेल्वेशिवाय कळतच नाही. व्लादिवोस्तोकला जायला रशियाला आमूर नदीचा मोठा वळसा पडत होता, तो वाचवायला १८९६ च्या करारात त्यांनी चीनच्या हद्दीतून आडवी रेल्वे काढायची परवानगी मिळवली. १८९८ ला मांचुरियाच्या दक्षिण टोकाचं पोर्ट आर्थर बंदर भाडेपट्ट्याने घेतलं आणि खाली तिकडेही फाटा नेला. जपानच्या नजरेतून बघा, तीनच वर्षांपूर्वी, १८९५ ला, चीनला हरवून हाच भाग त्यांनी करारात मिळवला होता आणि रशिया-जर्मनी-फ्रान्सने दटावून परत करायला लावला होता. १९०४ ला युद्ध पेटलं, १९०५ ला पोर्ट्समथच्या तहात दक्षिणेकडचा फाटा जपानकडे गेला. आणि इथे रुळांमधलं अंतर बघा. रशियन रूळ पाच फुटांवर, जपान्यांनी तो फाटा शेवटी १४३५ मिलिमीटरचा करून टाकला. आपली लोकल १६७६ वर धावते आणि मेट्रो १४३५ वर, त्यामुळे मेट्रोचा डबा लोकलच्या रुळांवर जाऊ शकत नाही हे आपल्याला माहितीच आहे, तोच प्रकार तिथे सैन्याच्या गाड्यांचा. रूळ कोणाच्या मापाचे यावरून मुलूख कोणाच्या हातात ते कळायचं.

१८ सप्टेंबर १९३१ ला मांचुरियातल्या मुकदेन शहराजवळ याच जपानी रेल्वेवर स्फोट झाला. तो जपानी अधिकाऱ्यांनीच घडवला होता आणि नुकसान इतकं किरकोळ की थोड्या वेळाने एक गाडी त्यावरून निघूनही गेली. तेवढं निमित्त धरून जपानने सगळा मांचुरिया गिळला. राष्ट्रसंघाने (आजच्या संयुक्त राष्ट्रांच्या आधीची संघटना) चौकशीला पाठवला लॉर्ड लिटन, जो सिमल्यात जन्मलेला, बंगालचा माजी गव्हर्नर, आणि ज्याच्या बापाने व्हाइसरॉय असताना १८७८ ला दुसरं अफगाण युद्ध सुरू केलं होतं. अहवाल १९३२ ला आला, जपान १९३३ ला राष्ट्रसंघातून बाहेर पडला, रूळ होते तिथेच राहिले, गाड्या जपानच्याच.

आता आपल्याकडचं. अक्साई चीन साधारण ३८,००० चौरस किलोमीटर, वस्ती जवळपास नाहीच. चीनला ते का हवं होतं? शिनजियांगहून तिबेटला जायचा रस्ता तिथून जातो म्हणून. १९५७ ला रस्ता पुरा झाल्याचं चीनने जाहीर केलं, पुढच्या वर्षी आपल्या गस्ती पथकांपैकी एक तिथे पकडलं गेलं, आणि संसदेत जोरदार भाषणं व्हायच्या आधी तिथे ट्रक धावायला लागले होते. गलवानच्या बातम्या वाचताना पण हेच करा. १५ जून २०२० च्या रात्री आपले २० जवान गेले, हे आपण कुणी विसरलेलो नाही. पण त्या जागेजवळून आपला दरबूक-श्योक-दौलत बेग ओल्डी रस्ता जातो, २५५ किलोमीटरचा, वर पार काराकोरम खिंडीच्या पायथ्यापर्यंत, हे किती जणांनी नकाशावर बघितलं? दोरा काढा, श्योक नदी धरून लावत जा. गलवान नदी जिथे श्योकला मिळते ती जागा सापडली की हा सगळा झगडा कशावर नजर ठेवण्यासाठी होता ते न सांगता कळतं.

डोकलामही तसंच. २०१७ मध्ये ७३ दिवस आपलं आणि चीनचं सैन्य समोरासमोर उभं होतं, जमीन भूतान आणि चीनच्या वादातली, आपली नाहीच. मग आपण तिथे का? कारण चीनचा रस्ता दक्षिणेकडे सरकत होता आणि त्या डोंगरांच्या खाली सिलिगुडीचा चिंचोळा पट्टा आहे, सगळ्यात अरुंद जागी साधारण चर्चगेट ते अंधेरी एवढा, आणि आख्ख्या ईशान्य भारताची रेल्वे आणि रस्ते त्यातून जातात.

हे गावाकडच्या भावकीला समजावून सांगायला लागत नाही. शेजारी दर वर्षी नांगराच्या एका तासाने बांध कोरतो, कुठल्याच वर्षी भांडायला जावं एवढी जमीन जात नाही, आणि दहा वर्षांनी मोजणी आणली की कळतं आख्खी सरी गेली.

चौथं: अ‍ॅटलास उलटा धरा

खरंच उलटा धरा. आपण नेहमी आपल्या बाजूने बघतो. समोरच्याच्या राजधानीवर बोट ठेवून तिथून बघितलं की त्याची भीती दिसते. १८८५ मध्ये रशियाने अफगाणिस्तानच्या उत्तर हद्दीवरचं पंजदेह घेतलं तेव्हा लंडनला वाटलं आता हेरात आणि मग हिंदुस्थान, युद्ध अगदी तोंडावर आलं होतं. तेव्हा आमीर रावळपिंडीत व्हाइसरॉयचा पाहुणा होता आणि त्याने फार आकांडतांडव केलं नाही, कारण पंजदेहसाठी आपल्या अंगणात दोन हत्तींची झुंज नको हे त्याला कळत होतं.

फक्त एक सांगतो, भीती समजली म्हणजे ती कबूल केली असं होत नाही. युक्रेनच्या बाबतीत हा घोटाळा लोक फार करतात. रशियाला पश्चिमेकडे मोकळा पट्टा हवा असतो हे ठीक, इतिहासात कारणं आहेत. पण १९९४ ला बुडापेस्टमध्ये रशियाने, अमेरिका आणि ब्रिटनसोबत, युक्रेनच्या हद्दीचा मान राखू अशी सही केली आणि बदल्यात युक्रेनने आपल्या भूमीवरची अण्वस्त्रं देऊन टाकली. २०१४ आणि २०२२ त्या सहीनंतरची आहेत. वहीत दोन्ही लिहा, आणि भीतीचा रकाना मोठा झाला म्हणून सहीचा रकाना खोडू नका.

पाचवं: तिथे राहतो कोण

ही पायरी लहान आहे पण सोडू नका. ल्विव शहरात १९१० साली जन्मलेली आणि आयुष्यभर तिथेच राहिलेली एखादी बाई कल्पना करा. जन्म ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात, मग पोलंड, १९३९ ला सोव्हिएत, १९४१ ला जर्मन, १९४४ ला परत सोव्हिएत, आणि ऐंशी पार केली असेल तर १९९१ नंतर युक्रेन. घर बदललं नाही, रेशनकार्डावरचं सरकार मात्र बदलतच राहिलं. आणि ती ज्यू किंवा पोलिश असती तर १९४६ पर्यंत त्या शहरात उरलीच नसती, ही शक्यता जास्त. आर्मेनिया आणि अझरबैजानच्या वादातल्या नागोर्नो-काराबाखमधून सप्टेंबर २०२३ मध्ये काही दिवसांत लाखभर आर्मेनियन निघून गेले, ती बातमी आपल्याकडे जेमतेम एक दिवस चालली असेल.

सहावं: 'मिटलं' अशी बातमी आली की

तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासा. समोरासमोरचे तंबू उठले का? मागे आणून ठेवलेलं जास्तीचं सैन्य आणि तोफा घरी गेल्या का? आणि आपली गस्त पूर्वी जिथपर्यंत जायची तिथे परत जाते का? २१ ऑक्टोबर २०२४ ला पूर्व लडाखमधल्या डेपसांग आणि डेमचोकच्या गस्तीबद्दल चीनशी समझोता जाहीर झाला तेव्हा चॅनेलवाल्यांनी हे तिन्ही एकाच पातेल्यात घातलं. तशी गंमत म्हणजे भारत-चीनमधली प्रत्यक्ष ताबारेषा (एलएसी) किती लांब आहे यावरच एकमत नाही. आपण ३,४८८ किलोमीटर म्हणतो, चीन साधारण २,००० च्या आसपास.

नकाशा फॉरवर्ड करण्याआधी थांबा. परदेशी साइट्सवर जम्मू-काश्मीर तुटक रेघांनी दाखवलेलं असतं, आणि भारताच्या सर्व्हे खात्याच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा छापणं-प्रसिद्ध करणं हा १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. वहीत स्वतःपुरती तुलना करा, बाहेर टाकताना सर्व्हे ऑफ इंडियाचाच घ्या.

रविवार मोकळा असेल तर कुलाब्याला अफगाण चर्च बघून या. खरं नाव सेंट जॉन, १८५८ चं, पहिल्या अफगाण युद्धात आणि सिंधच्या मोहिमेत मेलेल्यांच्या स्मरणार्थ बांधलेलं. १८३९ ला काबूलला गेलेल्या फौजेचा एक मोठा भाग मुंबई आर्मीचा होता, सरसेनापती जॉन कीनसुद्धा मुंबईचाच. आत भिंतींवर पाट्या आहेत, त्यावरची ठिकाणं आणि सालं वहीत उतरवा आणि घरी येऊन अ‍ॅटलासवर लावा. पुढे नेव्हीची हद्द सुरू होते, तिकडे कॅमेरा काढू नका.

पहिलाच सराव असेल तर पेटलेला वाद घेऊ नका, मिटलेला घ्या. झेनबाओ बेट चांगलं आहे. चीन-रशिया हद्दीवरच्या उसुरी नदीतलं पिटुकलं बेट, मार्च १९६९ ला चीन आणि सोव्हिएत युनियन तिथे भिडले, दोघांकडे अणुबॉम्ब. मूळ करार १८६० चा, पेकिंगचा. सोव्हिएत म्हणायचे हद्द चीनच्या काठाने जाते, चीन म्हणायचा नदीच्या मुख्य प्रवाहातून. १९९१ ला मुख्य प्रवाह धरून करार झाला आणि बेट चीनकडे गेलं, उरलेल्या बेटांचं २००४ ला ठरलं, २००८ पर्यंत हद्दीच्या खुणासुद्धा लागल्या. सहाही पायऱ्या यावर लावा, आणि १९६९ ते १९९१ मध्ये नदी तीच, बेट तेच असताना दोघांची एकमेकांबद्दलची भीती का कमी झाली ते शोधा. हे जमलं की डोकलाम घ्या, आणि त्यानंतर मग काकांना काय उत्तर द्यायचं ते द्या.